लिहून देणार

घरात खाणारी तोंडं जास्त झाली होती, म्हणून कोन्शाला मावशीकडे पाठवलं. ती तेव्हा तेरा वर्षांची, सहा भावंडांत पाचवी. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि शेतात हात हवे होते. आपल्याला कुणी विचारलं का नाही, असं ती एकदाही म्हणत नाही. मारिया बारबालच्या ‘पेद्रा दे तार्तेरा’ या १९८५ च्या कातालान कादंबरीची ही सुरुवात. शीर्षकाचा अर्थ ‘दरडीतला दगड’. दरड हलली की दगड घरंगळतो, थांबली की पडून राहतो. कोन्शा स्वतःला तसा दगड समजते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमधल्या कातालोनियातल्या येइदा शहरात असते. तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तिने या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर हातात ठेवलं. छोटंसं पुस्तक, दोन दुपारींत संपलं. मिटताना मला कोन्शाचा राग आला होता. लहानपणी दुसऱ्याच्या घरी धाडतात, ती जाते. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूच्या तिच्या नवऱ्याला, जाउमेला, धरून नेतात आणि ठार मारतात. तिला आणि मुलींना काही काळ बंदी करून ठेवतात, ती परत येऊन पुन्हा कामाला लागते. म्हातारपणी बार्सेलोनाला जायचं ठरतं, तिथेही जाते. आयुष्यभर इतकी गप्प राहणारी बाई ‘मी’ म्हणून आपली गोष्ट सांगते आहे, एवढंच काय ते तिचं धाडस, असं मला वाटलं.

मुलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. येइदाकडे आजीला पाद्रिना म्हणतात, म्हणून सगळी इमारत त्यांना पाद्रिनाच म्हणे. जन्म १९३१ चा, गाव वर पिरेनीज पर्वतातल्या पायार्स भागातलं, म्हणजे बारबालच्याच मुलखातलं. मी मुलीमार्फत त्यांना कोन्शाबद्दलची माझी तक्रार सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, “भावंडं किती होती तिला?”

“सहा जण मिळून.”

“म्हणजे चोविसावा,” पाद्रिना लगेच म्हणाल्या.

हा आकडा कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं तेव्हा कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागली. मी नाशिकला सत्तावीस वर्षं दिवाणी वकिली केली, निम्मं आयुष्य जमिनीच्या दस्तांत गेलं. तरी एखाद्या कादंबरीतली बाई समजून घ्यायला तिच्या घरचा दस्त आधी वाचावा लागतो, हे मला पाद्रिनांनी शिकवलं.

पायार्समध्ये घराला ‘काझा’ म्हणतात. भिंती आणि छप्पर म्हणजे काझा नव्हे. शेत, कुरण, गुरं, कर्जं, चर्चमधली जागा, गावातली पत आणि घराचं नाव, हे सगळं मिळून काझा. घराचं नाव आणि घरच्यांचं आडनाव वेगळं असू शकतं. आडनाव बदलतं, काझाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहतं, आणि गावात माणसाला ओळखतात ते त्याच नावाने. जमीन, घर त्या माणसाच्या मालकीचं असण्यापेक्षा माणूसच घराचा असतो.

हे घर अखंड ठेवायचं तर वारस एकच हवा. बहुधा थोरला मुलगा. त्याला म्हणतात ‘अरेऊ’. मुलगा नसला तर थोरली मुलगी वारस होते, ती ‘पुबिया’. तिचा नवरा लग्न करून तिच्या घरी येतो आणि गाव त्यालाही बायकोच्या काझाच्या नावाने हाक मारतं. पाहुणा माणूस जावई म्हणून आला आणि घराच्या नावात विरघळला, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं.

बाकीच्या भावंडांचं काय? १५८५ साली मोन्सो इथे भरलेल्या कातालान संसदेने एक कायदा केला. त्याची सुरुवातच मोठ्या घरांच्या रक्षणाची आस्था असल्याचं सांगून होते. बार्सेलोना शहरात आधीपासून असलेली चौथ्या हिश्श्याची रीत या कायद्याने साऱ्या कातालोनियाला लागू झाली. आईबापांच्या मालमत्तेतला एक चतुर्थांश भाग सगळ्या मुलांचा मिळून, आणि उरलेले तीन चतुर्थांश आईबाप हवे त्याला देऊ शकतात. ते अर्थातच वारसाला जात. शिवाय त्या चतुर्थांशाची वाटणी करताना वारसालाही मोजायचं. सहा भावंडं असली तर एक चतुर्थांशाचे सहा भाग, म्हणजे प्रत्येकाला चोविसावा. पाद्रिनांनी क्षणात केलेलं गणित हेच. पायार्समधल्या मुलीला ते पाढ्यासारखं येत असे.

तो चोविसावा भाग जमिनीच्या रूपात मिळायचाच असंही नाही. वारस तो पैशांत चुकता करू शकतो. मुलीच्या बाबतीत तो हुंड्यात वळता होई: थोडी रक्कम, कपडे, पांघरुणं आणि एक लाकडी पेटी. कातालोनियात नवरीच्या पेटीची घडण वेगळी असते, एका बाजूला छोटं दार आणि आत खण. मुलगी ती पेटी घेऊन निघे, आणि निघण्याआधी नोटरीसमोर सही करून देई, की माझा हिस्सा मला पोचला, यापुढे माझं काही मागणं नाही. या दस्ताला ‘देफिनिसियो’ म्हणत.

इथे माझा हात थांबला. असे दस्त मी स्वतः लिहिले आहेत. आपल्याकडे त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. त्यात दोन पक्ष असतात, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. लिहून घेणार भाऊ, लिहून देणार बहीण. राजीखुशीने, कुणाच्याही दबावाला बळी न पडता, असं एक वाक्य असतं. बहीण सासरहून आलेली असते, बरी साडी नेसलेली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसते, नाव पुकारलं की उठते, सही करते किंवा अंगठा देते. संध्याकाळी साडीचोळी घेऊन परत जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. त्यानंतर माझ्याकडे हक्कसोडपत्रं कमी झाली नाहीत, वाढली; कारण आता सोडायला हक्क होता.

फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर मी कातालोनियाला नाशिक करून टाकीन. आपल्याकडे भावाभावांत जमीन वाटली जाते. तिथे धाकटे भाऊही हक्क सोडत. त्यांना ‘काबालेर’ म्हणत. पण काबालेर निघे तेव्हा त्याच्या हातात एखादं कसब असे, सुतारकाम, गवंडीकाम, आणि समोर रस्ता असे. कोन्शाचा जाउमे असाच वारस नसलेला मुलगा आहे, हातात कारागिरी असलेला. म्हणून तो गावोगाव फिरतो, जग बघतो, राजकारणाचे विचार घेऊन घरी येतो. कोन्शा हलत नाही. पहिल्या वाचनात मला तो तिच्या स्वभावातला फरक वाटला होता. धाकट्या मुलाला रीतीने रस्ता दिला होता आणि मुलीला पेटी, हे तेव्हा दिसलं नाही.

आणि मग मावशीचं घर. मावशीला मूल नाही, म्हणजे काझाला वारस नाही. जन्मघरात पाचवी म्हणून कोन्शा जास्तीची होती. इथे एकुलती म्हणून ती पुबियाच्या जागी आली. मुलगी तीच, मोजणी बदलली. एका घरात तिला उचलतात आणि दुसऱ्या घराच्या भिंतीत पडलेल्या भगदाडात बसवतात. ‘दगड’ हा शब्द मी कोन्शाच्या मनाबद्दल घेतला होता. बारबालने तो त्या बांधकामाबद्दलही लिहिला आहे.

पुढच्या वर्षी मी पायार्सला गेले. येइदाहून छोटी आगगाडी ला पोब्ला दे सेगूरपर्यंत जाते. वाटेत त्रेम्प लागतं, जिथे १९४९ साली मारिया बारबालचा जन्म झाला. पुढे बसने नोगेरा पायारेसा नदीच्या काठाकाठाने, सोर्तवरून एस्तेर्री द’आनेऊला. तिथे गासिया नावाचं एक जुनं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. मी सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी होते. चुलीजवळ कोण बसणार, किल्ल्या कुणाच्या कमरेला, हे अशा घरात ठरलेलं असे. घरधनीण ती ‘मेस्त्रेसा’. सून ती ‘ला जोवे’, म्हणजे ‘तरुणी’. सासू हयात असेतो सून चाळिशीची झाली तरी ‘जोवे’च.

बाईला या रीतीत काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. चौथ्या पेरे राजाच्या १३५१ च्या कायद्याने विधवेला दोन गोष्टी दिल्या होत्या. वर्षभराच्या दुखवट्यात तिचा खर्च नवऱ्याच्या मालमत्तेतून, आणि तिचा हुंडा परत मिळेपर्यंत त्या मालमत्तेचा ताबा तिच्याकडे. मृत्युपत्रांत नवरे बायकोला घराची स्वामिनी, थोरली, समर्थ आणि उपभोगाची हक्कदार म्हणून नेमत. केवढे भारदस्त शब्द! मात्र जोडीला अट असे, ती विधवाच राहिली तर. दुसरं लग्न केलं की हे शब्द गळून पडत. कोन्शाच्या मावशीसारखी खंबीर, सारा कारभार हातात ठेवणारी बाई याच रीतीतून घडते, आणि तिचा कारभार शेवटी घर टिकवण्याचाच असतो. तिला निव्वळ कठोर म्हणून मोकळं होता येत नाही.

कातालान स्त्रीवादी वाचकांपुढची खरी अडचण याच्याही पुढे होती. ही रीत कातालान माणसाच्या अभिमानाचा भाग होती. एकोणिसाव्या शतकात माद्रिदने साऱ्या स्पेनसाठी एक नागरी कायदा करायला घेतला, तेव्हा मानुएल दुरान इ बास यांच्यासारखे कायदेपंडित कातालोनियाच्या वेगळ्या वारसाकायद्यासाठी उभे राहिले. १८८९ चा स्पॅनिश नागरी कायदा आला, तरी कातालान वारसाकायदा टिकला. अखंड काझा म्हणजे कातालोनियाची कष्टाळू, काटकसरी ओळख, असं मानलं गेलं. मग त्या अखंडपणासाठी सही करून निघालेल्या मुलींबद्दल बोलणं म्हणजे मुलुखाविरुद्ध बोलणं ठरू शकत होतं. कवयित्री मारिया मेर्से मार्साल यांनी स्त्री असणं, कष्टकरी वर्गातलं असणं आणि दडपलेल्या राष्ट्रातलं असणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंडाचं कारण मानल्या. १९७० च्या दशकात हे म्हणणं किती अवघड होतं ते हा इतिहास कळल्यावरच कळतं.

साहित्याने मात्र ते त्याआधीच बोलायला सुरुवात केली होती. १८९८ मध्ये ओलोत गावच्या साहित्यस्पर्धेत एका नाट्यस्वगताला बक्षीस मिळालं. आपलं तान्हं मूल मारणाऱ्या एका मुलीचं ते स्वगत होतं. लेखक बाई आहे, कातेरिना आल्बेर्त, हे कळलं तेव्हा गहजब झाला. त्यानंतर ती व्हिक्तोर काताला या पुरुषी नावाने लिहू लागली. तिची ‘सोलितूद’ ही कादंबरी १९०५ ची. मिला नावाची तरुण बायको नवऱ्याबरोबर डोंगरावरच्या एका देवस्थानाची राखण करायला येते. नवरा आळशी, कणाहीन. तिला आधार देणारा मेंढपाळ मरतो, आणि तिच्यावर बलात्कार होतो. शेवटी ती नवऱ्याला ‘माझ्यामागे येऊ नकोस’ असं बजावून एकटी डोंगर उतरते. १९०५ साली!

मिला कुठे जाते ते कादंबरी सांगत नाही. मी वकील म्हणून वाचते तेव्हा हा शेवट मला अंगावर येतो. माहेरचा हक्क सुटलेला, सासरी घर नाही. तिच्या पायाखाली फक्त उतार आहे.

१९३४ मध्ये कातालोनियाच्या स्वायत्त सरकारने स्त्रीला, विवाहित स्त्रीलाही, पुरुषाच्या बरोबरीची कायदेशीर क्षमता दिली. चार वर्षांनी, १९३८ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोचं सैन्य पायार्समध्ये शिरलं आणि फ्रँकोने कातालोनियाची स्वायत्तता रद्द केली. कोन्शाचा संसार मोडतो तो याच युद्धात. तिच्या आयुष्यातला कायदा चार वर्षांसाठी उजाडला आणि मावळला, आणि पुस्तकात ती त्याचा उल्लेखही करत नाही, कारण तिच्या चुलीपर्यंत तो पोचलाच नव्हता. विवाहितेच्या कायदेशीर व्यवहारांना नवऱ्याची परवानगी हवी, ही अट स्पेनच्या कायद्यातून १९७५ मध्ये गेली.

मेर्से रोदोरेदाची ‘ला प्लासा देल दियामांत’ ही १९६२ ची कादंबरी बार्सेलोनाच्या ग्रासिया वस्तीतली. तिथे काझा नाही, भाड्याची खोली आहे. पण नाव देण्याची सत्ता तीच. नातालियाला तिचा होणारा नवरा किमेत पहिल्याच भेटीत ‘कोलोमेता’, म्हणजे ‘कबुतरी’, म्हणू लागतो आणि तिचं खरं नाव मागे पडतं. वर्षानुवर्षांनी, युद्ध आणि उपासमार सोसून, दुसरं लग्न करून, एका पहाटे ती त्या जुन्या घराच्या दारापाशी येते आणि सुरीने दारावर ‘कोलोमेता’ कोरते. रोदोरेदा स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेत नसे. पण ज्या घरात नावाने दडपून टाकलं त्याच घराच्या दारावर बाई ते नाव कोरून तिथेच सोडून जाते, याहून स्पष्ट हक्कसोड मी पाहिली नाही. या वेळी ती स्वतःच्या हाताने लिहिते आणि स्वतःसाठी लिहिते.

मे १९७६ मध्ये, फ्रँको मेल्याला सहा महिने होतात न होतात तोच, बार्सेलोना विद्यापीठाच्या सभागृहात कातालान स्त्रियांचं पहिलं संमेलन भरलं. सुमारे चार हजार बायका आल्या. १९७८ मध्ये ‘लासाल’ ही बायकांनी चालवलेली प्रकाशनसंस्था निघाली आणि विसरलेल्या लेखिका पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. मार्साल यांनी लेखिकांच्या वंशावळीचा प्रश्न विचारला: वाङ्मयात आम्हाला बाप भरपूर आहेत, आया कुठे आहेत? माझ्या कानाला हा वारसाहक्काचाच प्रश्न ऐकू येतो. साहित्याच्या घरातही एकच अरेऊ होता, आणि मुली पेटी घेऊन बाहेर पडल्या होत्या.

आजच्या लेखिकांत इरेने सोला मला सगळ्यात जवळची वाटते. तिचा जन्म १९९० चा. २०१९ च्या ‘मी गाते आणि डोंगर नाचतो’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत ढग बोलतात, हरीण बोलतं, आणि चेटकिणी म्हणून फाशी दिलेल्या बायकाही बोलतात. चेटकाच्या गुन्ह्याविरुद्धचा युरोपातला एक अगदी जुना कायदा १४२४ साली पायार्सचा काउंट आणि लोक यांनी आनेऊच्या खोऱ्यात केला, मी चुलीपाशी उभी होते त्याच खोऱ्यात. २६ जानेवारी २०२२ ला कातालान संसदेने त्या बायकांची प्रतिष्ठा परत देणारा ठराव केला. सोलाच्या त्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘बायकांची नावं’ हेच शब्द आहेत.

२०२३ च्या तिच्या कादंबरीत जोआना नावाची बाई सैतानाशी करार करते. तिला हवा असतो पुरता माणूस, ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आणि डोक्यावर छप्पर आहे. म्हणजे अरेऊच. तो मिळतो. पण त्याच्या पायाला एक बोट कमी आहे हे ती हेरते आणि म्हणते, माणूस पुरता नाही, करार पुरा झाला नाही, मी माझा आत्मा देणं लागत नाही. हे वाचताना मी खुर्चीतून उठले. माझ्या साऱ्या वाचनात दस्तातला शब्द न्‌ शब्द वाचणारी, कसर पकडणारी आणि ‘लिहून घेणार’ असणारी ही पहिली बाई. त्याची किंमत तिच्या वंशातल्या मुली मोजतात. एकीचं हृदय पुरतं नाही, एकीला जीभ नाही, एकीला पापण्यांचे केस नाहीत. घर मिळतं, माणसं उणी होतात. चारशे वर्षांच्या रीतीचा हिशेब सोलाने मुलींच्या अंगावर लिहून दाखवला आहे.

येइदा सोडायच्या आदल्या संध्याकाळी पाद्रिनांनी आम्हाला वर बोलावलं. कापडी पिशवीतून एक कागद काढला. त्यांचा १९५२ चा देफिनिसियो. कागद स्पॅनिशमध्ये होता, कारण फ्रँकोच्या काळात नोटरीचे दस्त स्पॅनिशमध्येच होत. पाद्रिनांचं घर, शेत, प्रार्थना, भांडण सगळं कातालानमध्ये. सही केली त्या दिवशी कुणी तो वाचून दाखवला नव्हता, आणि नंतर कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मुलीने तो एकेक ओळ कातालानमध्ये सांगितला, अवघड शब्द मी मुलीला समजावले.

मीही माझ्यासमोर बसलेल्या किती बायकांना दस्त मोठ्याने वाचून दाखवला होता? काहींना. घाई असे, रांग असे, भाऊ घड्याळ बघत असत. याची मला त्या संध्याकाळी लाज वाटली, अजून वाटते.

एका वाक्यापाशी पाद्रिनांनी हात वर केला. ते पुन्हा वाचायला लावलं. आपल्या दस्तांतलं ‘भरून पावले’ असतं ना, तेच वाक्य. माझा हिस्सा मला मिळाला, मी समाधानी आहे, भरून पावले. पाद्रिनांनी बोटांवर मोजलं. त्या पाच भावंडांतल्या. “विसावा,” म्हणाल्या. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

विमानात मी पुन्हा कोन्शा वाचली. ती राबते, भिते, रडते, नवऱ्यावर जीव ओवाळते, दुसऱ्यांच्या निर्णयांपुढे मान तुकवते. पण साऱ्या पुस्तकात ती एकदाही म्हणत नाही की मी भरून पावले.